कोपरा वळेपर्यंत

निर्मला पतंगे या बाईचं मी कधी वाईट चिंतलं नाही, असं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं आणि खोडलं. चिंतलं होतं. फार वाईट नाही. तिला गालगुंड व्हावं, परदेशातल्या साहेबांशी स्क्रीनवर बोलताना वीज जावी, एखादा कंटेनर भलत्याच बंदरात उतरावा आणि त्याच्या कागदावर तिची सही असावी, इतपतच. यातलं काहीही झालं नाही. वीज गेली ती नेहमी माझ्या बोलण्याच्या वेळी.

जगभर दुकानं असलेल्या एका परदेशी फॅशन कंपनीचं हुबळीत छोटंसं ऑफिस आहे. कापड कुठून आणायचं, कुठल्या कारखान्यात शिवायचं, ट्रक बंदरावर कधी पोचवायचा आणि तो शर्ट तिकडच्या दुकानाच्या काचेत नेमक्या हंगामात कसा लटकेल, हे सगळं तिथे बघितलं जातं. निर्मला आणि मी एकाच सुमारास तिथे लागलो. आमचे प्रमुख कुलकर्णी सर निवृत्तीला आले होते आणि त्यांच्या काचेच्या खोलीत उंच पाठीची काळी खुर्ची होती. सरांनंतर तिच्यावर आम्हा दोघींपैकीच कुणीतरी बसणार हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. मला ती खुर्ची हवी होती. इतकी, की सर जेवायला बाहेर गेले की मी काचेतून तिच्याकडे बघत डबा खात असे.

मी अळणावरची. वडील लाकडाच्या वखारीत ओंडके रचायचे. आमच्या घरात कुठलीही वस्तू तिरकी राहिलेली कुणाला खपायची नाही; वेडंवाकडं काही दिसलं की हात आपोआप सरळ करायला जातो. रेल्वेने धारवाडला येऊन जाऊन मी शिकले, मॅनेजमेंटची पदवी घेतली, इंग्रजी आरशासमोर उभी राहून बोलायला शिकले. निर्मलेला यातलं काहीच करावं लागलं नाही. ती हुबळीतल्याच दाजीबानपेठेतल्या मॅचिंगच्या दुकानदाराची मुलगी. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल यांच्या गठ्ठ्यांत रांगली, लॅमिंग्टन रोडवरच्या इंग्रजी शाळेत गेली आणि डिग्रीही तिने हसतखेळत घेतली. व्यापार तिच्या अंगात होता आणि माझ्या वह्यांत.

तिला सगळे निम्मक्का म्हणत. कन्नड कानाला ते 'तुमची अक्का' असंही ऐकू येतं, त्यामुळे कारखान्यातल्या बायका तिला नाव कळायच्या आधीच आपली समजून बसत. ती आत शिरली की मशिनांच्या रांगेतून 'बर्री अक्का, बर्री', या अक्का या, सुरू व्हायचं, आणि ही बया तिथेच बसून कुणाच्या तरी डब्यातली शेंगाचटणी भाकरीला लावून खायची. मला सगळे वंदना मॅडम म्हणत. मॅडमला कुणी डबा उघडून दाखवत नाही.

दिसायला साधी होती, असं म्हणायला मला आवडलं असतं. ती साधी नव्हती. उंच, सावळी, मोठ्या आवाजाची आणि त्याहून मोठ्या हसण्याची. मॅचिंगच्या दुकानात वाढलेली ही बाई साडीवर कधी जुळता ब्लाऊज घालायची नाही. मोरपंखी साडीवर तांबडा, पिवळीवर वांगी. विचारलं तर म्हणायची, "लहानपणापास्नं जुळवून जुळवून डोळे किटले गं माझे." आणि तिला ते शोभायचं. मी एकदा तसा प्रयोग केला, तर कुलकर्णी सरांनी काळजीने विचारलं, आज सकाळी लाईट नव्हते का?

समोरच्या माणसाचं कापड चिमटीत धरून चोळून बघायची तिला वाईट खोड होती. बँकेचे मॅनेजर असोत, की टॅक्सचे अधिकारी, बोलता बोलता हिचा हात त्यांच्या बाहीवर. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या लग्नात तर तिने अक्षता टाकल्यावर नवरदेवाचा शेलाच चिमटीत धरला आणि म्हणाली, "अय्यो, पॉलिस्टर हाय की हो हे! फसवलं बघा तुम्हाला." सगळा मांडव हसला, नवरदेवही हसला. मी असं बोलले असते तर त्या मांडवात मला पंगतीला बसवलं नसतं.

तिचं टेबल म्हणजे बाजार उठल्यावरचं मैदान. सॅम्पलची कापडं उलगडून टाकलेली, ती सरकत सरकत माझ्या टेबलावर यायची. रोज संध्याकाळी मी त्यांच्या घड्या घालून ठेवत असे. ती बडीशेप चघळत बघायची आणि म्हणायची, "राहू दे की गं वंदू. घडी घातली की कापड झोपतंय." मी ते आळशी माणसाचं तत्त्वज्ञान समजले आणि घड्या घालत राहिले.

आता तिच्या नशिबाचा एक नमुना सांगते. परदेशातल्या मुख्य ऑफिसने एकदा विचारलं, पुढच्या हंगामात कुठला रंग चालेल? आमच्या धंद्यातला सगळ्यात जीवघेणा प्रश्न. कापड रंगवून, शिवून, जहाजावर चढवून तिकडे पोचेपर्यंत लोकांचं मन बदलतं आणि गोदामात नको असलेल्या रंगाचे डोंगर राहतात. मी मागच्या हंगामांचा विक्रीचा अभ्यास करून, रंगीत आलेख काढून, मोहरीचा पिवळा रंग सुचवला. स्क्रीनवरचे साहेब माना डोलावत होते. तेवढ्यात निम्मक्का म्हणाली, "रंगाची घाई कशाला? पांढरेच शिवून ठेवू या की."

आणि तिने दाजीबानपेठ सांगायला सुरुवात केली. तिच्या अप्पांच्या दुकानात ओढण्या पांढऱ्याच असायच्या. गिऱ्हाईक ड्रेस घेऊन यायचं, त्या रंगाची ओढणी संध्याकाळपर्यंत रंगाऱ्याकडून रंगून यायची. त्यामुळे अप्पांच्या दुकानात न खपलेली ओढणी कधी राहिली नाही. "शर्टाचंबी तसंच करू. पांढरे शिवू, दुकानात कुठला रंग उचलतात ते बघू, मग रंगवू." मग तिकडच्या एका साहेबांनी त्या युक्तीला एक लांबलचक भारदस्त इंग्रजी नाव दिलं, आणि माझे आलेख कुणीतरी बंद केले.

पण थांबा. पहिले शर्ट रंगून आले ते बघण्यासारखे होते. कापड गडद हिरवं आणि शिवण पांढरीफटक. शिवायचा दोरा पॉलिस्टरचा, तो सुती कापडाच्या रंगात रंगत नाही. ते माझ्या लक्षात आलं. मी दोरेवाल्यांच्या मागे लागून मजबूत सुती दोरा मिळवला, मशिनांचा ताण बदलून घेतला, आणि माल वेळेत गेला. मोहरी त्या वर्षी कुणी घेतली नाही. हिरवा धो धो खपला. पुढच्या बैठकीत निम्मक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "युक्ती माझी, पण वंदनाचा दोरा नसता तर आपण तोंडघशी पडलो असतो." त्यावर मोठे साहेब हसून म्हणाले, निर्मला किती दिलदार आहे!

माझा दोरा, आणि दिलदार ती. दुसऱ्याने आपलं श्रेय चोरलं तर निदान भांडता येतं. ही बाई माझं श्रेय मला देऊन मोठी होत होती, आणि मी आभार मानत होते. त्या दिवशी घरी जाऊन मी कुकरचं झाकण विनाकारण आपटलं.

मग ती जाहिरात. कंपनीला 'हे कपडे कुठे बनतात' अशी जाहिरात करायची होती. मुंबईहून कॅमेरेवाले आले. त्यांना सुरकुतलेला विणकर हवा होता, मागावर वाकलेला, खिडकीतून उन्हाची तिरीप वगैरे. मी दोन दिवस फोन करून एक म्हातारबुवा शोधले. पण शर्टांच्या कारखान्यात कसला माग आलाय? तिथे शिलाई मशिनं. निम्मक्का त्या मंडळींना म्हणाली, "आजोबांना कशाला त्रास देताय? ते हा शर्ट विणतबी न्हाईत, शिवतबी न्हाईत. इकडं या." ती त्यांना यल्लव्वाच्या मशिनपाशी घेऊन गेली. यल्लव्वा कॉलर शिवायची. निम्मक्काने तिला तयार शर्ट दिला आणि कन्नडमध्ये विचारलं, "हेंग ऐती?" कसा आहे?

यल्लव्वाने शर्टाची समोरची बाजू बघितलीच नाही. तिने तो उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि पसंतीची मान हलवली. निम्मक्का कॅमेरेवाल्यांना म्हणाली, "झाली तुमची जाहिरात. आतली बाजू दाखवा." आणि खरंच, जगातल्या मोठमोठ्या शहरांत पोस्टरं लागली ती शर्ट उलटे घातलेल्या पोरापोरींची, शिवणी बाहेर, आणि एका कोपऱ्यात शिवणीवर टेकलेला यल्लव्वाचा अंगठा. अळणावरला माझ्या आईने ती फोनवर बघितली. म्हणाली, "ही तुमच्या त्या निम्मक्काची जाहिरात ना? किती गुणाची बाई असेल गं!" पोटच्या आईने असं बोलावं, यापुढे काय सांगायचं.

तरीही खुर्ची मला मिळेल अशी माझी खात्री होती. गोड बोलणाऱ्या माणसाला लोक डबा देतात, ऑफिस देत नाहीत, असं मी स्वतःला समजावत असे. शेवटी मुख्य ऑफिसातल्या मोठ्या बाई, मार्टिनाबाई, स्वतः हुबळीला आल्या. पुढच्या हंगामाचा माल आम्ही दोघींनी त्यांना वेगवेगळा दाखवायचा, त्यावरून ऑर्डरही ठरणार आणि प्रमुखही. सकाळी माझी पाळी, दुपारी तिची. कुलकर्णी सरांनी दोघींनाही दोन्ही वेळा खोलीत बसायला सांगितलं होतं. मी बोलत असताना निम्मक्का मागच्या बाकावर बसून होती, आणि त्या दिवशी बडीशेपही चघळत नव्हती.

माझी तयारी चोख होती. प्रत्येक कपड्याचा कारखाना, खर्च, जहाजाची तारीख, सगळं तोंडपाठ. एक एक सॅम्पल उलगडायचं, माहिती द्यायची, घडी घालून बाजूला रचायचं, मग पुढचं. एक निळसर शर्ट मार्टिनाबाईंनी हातात धरून ठेवला होता. मी माहिती संपताच तो हळूच त्यांच्या हातातून घेतला आणि घडी घातली. शेवटी टेबल स्वच्छ, आणि कडेला घड्यांची सरळ चळत. माझ्या वडिलांनी बघितली असती तर पाठ थोपटली असती. मार्टिनाबाईंनी त्या स्वच्छ टेबलाकडे बघितलं, आभार मानले आणि कॉफी कुठे मिळेल विचारलं.

दुपारी निम्मक्का कापडाचे तागे घेऊन आली. मनगटाच्या एका झटक्यात तागा हवेत उलगडायचा आणि टेबलभर पसरायचा, तसाच राहायचा. त्यावर दुसरं, त्यावर शर्ट, खुर्च्यांच्या पाठींवर, कुलकर्णी सरांच्या खांद्यावरसुद्धा. चहा आला तर कप ठेवायला जागा नाही. मार्टिनाबाईंनी बूट काढले आणि त्या कापडांमधून फिरायला लागल्या. पुढे जायच्या, परत मागच्या कापडाशी यायच्या. निम्मक्का फार बोललीही नाही. संध्याकाळी ऑर्डर ठरली, आणि खुर्चीही. कुलकर्णी सर मला म्हणाले, "वंदना, तुमचं सगळं अगदी बरोबर होतं हो." बरोबर असूनही हरलेल्या माणसाला याहून वाईट काही ऐकवता येत नाही.

आणि मग त्या खुर्चीचं तिने काय करावं? ती खुर्चीवर बसतच नसे. टेबलाच्या कडेवर पाय हलवत बसायची आणि खुर्चीवर सॅम्पलं टाकायची. जिच्याकडे बघत मी डबा खाल्ला होता, तिच्या उंच पाठीवर आता कुठला तरी पायजमा लटकत होता. ऑफिस तिच्या हाताखाली वाढलं, हे मान्य करावं लागतं. मला ती शेवटपर्यंत 'वंदू'च म्हणायची आणि प्रत्येक निर्णयाआधी विचारायची. मी चांगला सल्ला द्यायची. माझा सल्ला चुकला असता तर तिने तो स्वतःवर घेतला असता, आणि ते मला सहन झालं नसतं.

मग एक दिवस ती म्हणाली, "वंदू, मी सोडतो बघ." आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ती 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. तिचे अप्पा गेले होते, आणि भाऊ दुकानाची जागा मोबाईलवाल्याला द्यायला निघाला होता. "अप्पांची गादी हाय गं ती. तिथं चार्जर विकणार काय?" तिने दुकान स्वतःकडे घेतलं. ज्या खुर्चीसाठी माझ्या जिवाची काहिली झाली, ती या बाईने ब्लाऊजपिसांसाठी सोडली. जाताना मुख्य ऑफिसला सांगून गेली, वंदनाला द्या. त्यांनी दिली.

म्हणजे खुर्ची मिळाली ती तिच्या शब्दाने. आता मी त्या खुर्चीवर बसते, ताठ. घड्या नीट असतात, माल वेळेवर जातो. आणि महिन्यातून एकदा तरी स्क्रीनवरून कुणीतरी विचारतं, "यावर निम्मक्काचं काय मत पडलं असतं?"

परवा मी दाजीबानपेठेत गेले. अंगावरच्या जांभळ्या साडीला जुळता ब्लाऊज हवा हे निमित्त. खरं कारण, ती पस्तावलेली बघायची होती. छोट्या दुकानात, उकाड्यात, पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या बायकांसमोर.

ती गादीवर मांडी घालून बसली होती. पोपटी साडी, चॉकलेटी ब्लाऊज. मला बघून अशी ओरडली की समोरचा भांडेवाला बाहेर आला. "वंदू! ये की गं! वाळलीस केवढी! ऊटा आत?" मी जेवले असं सांगितलं तरी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी मागवलीच. माझ्या साडीचा पदर चिमटीत धरून चोळला, म्हणाली, "आता खरं रेशीम घ्यायलीस. प्रमुखबाई!" त्यात टोमणा शोधायचा मी प्रयत्न केला. सापडला नाही.

माझ्या आधीचं गिऱ्हाईक, एक बाई आणि तिची सून, काही न घेता पायरी उतरली. त्यांच्यासमोर कापडांचा ढीग पसरलेला. माझा हात सवयीने घडीकडे गेला. निम्मक्काने तो धरला.

"थांब. अजून कोपरा वळल्या न्हाईत."

"म्हणजे?"

"अप्पांचा नियम. गिऱ्हाईक कोपरा वळेपर्यंत घडी घालायची न्हाई. मागं वळून बघितलं आणि घडी झालेली दिसली, की त्याला वाटतंय, यांनी आपल्याला सोडलं. पसरलेलं दिसलं तर परत येतंय. तिथं उभं राहून घडी घालणं म्हणजे जा म्हणून सांगणं."

मी त्या ढिगाकडे बघत राहिले. मार्टिनाबाईंच्या हातातला निळसर शर्ट मला दिसला, आणि तो हळूच काढून घेणारा माझा हात.

"निम्मक्का, त्या दिवशी तू खोलीत होतीस."

तिने माझा हात सोडला.

"होतो."

"मी घड्या घालत होते ते बघत होतीस."

"एकेक बघत होतो."

"मग एक शब्द बोलायचं नाही?"

"ओठावर आलं होतं गं. देवाशप्पथ." तिने भज्याचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. "पण मलाबी पाहिजे होती की ती खुर्ची. तुझ्या त्या दोऱ्याच्या दिवसापास्नं माझ्या पोटात दुखत होतं. युक्त्या मला बी सुचतात, कुणालाबी सुचतात. त्या टिकवणारी तू. तुझ्यासारखं मला एक दिवस जमलं न्हाई. आलेख करून बसायचीस न्हवं, तेव्हा बघून जीव जळायचा माझा."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. राग आला नाही. दिलदार निम्मक्काच्या पोटात दुखत होतं, आणि माझ्यावरून! एवढा आनंद मला खुर्चीवर पहिल्यांदा बसतानाही झाला नव्हता. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी घाईने जांभळ्या कापडांकडे वळले. तिने झटक्यासरशी पाच-सहा तुकडे पसरले. त्यातला तिसरा माझ्या साडीवर असा बसला की साडी कुठे संपते आणि तुकडा कुठे सुरू होतो ते शोधावं लागलं असतं.

"जुळत नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. हसली नाही. "बरं. बघ दुसरीकडं."

मी पायरी उतरले आणि पेठेच्या कोपऱ्यापर्यंत गेले. वळायच्या आधी मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं; बघितलं. ती गादीवर गुडघ्यांवर उभी होती, दोन्ही हात मांडीवर, आणि समोर ती सगळी जांभळी कापडं तशीच पसरलेली. नवीन गिऱ्हाईक पायरी चढत होतं, तिने त्याला बोटाने थांबायची खूण केली. नजर माझ्यावर.

मी मुद्दाम तिथेच उभी राहिले. बघू या, कोण आधी दमतं. मी वळत नव्हते म्हणून ती घडी घालत नव्हती, आणि ती घडी घालत नव्हती म्हणून माझं पाऊल वळत नव्हतं. मागून एक हातगाडीवाला ओरडायला लागला, "सरीरी अक्का, सरीरी!" त्याला वाट द्यायला मी सरकले. दुकानाच्या बाजूला.